स्वादुपिंड स्वतःला का पचवत नाही?

गेल्या अंकात उपवास आणि पेशींची अंतर्गत सफाई यांविषयी एक लहानसे टिपण छापले होते. त्यावर आलेल्या पत्रांत स्वादुपिंडाविषयीचे प्रश्न सर्वाधिक आहेत, आणि भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही असताना त्यात नवल काही नाही. एकाच आशयाची पत्रे एकत्र करून चार प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझ्या पुतण्याला काही दिवसांपूर्वी पोटाच्या वरच्या भागात असह्य दुखू लागले, दुखणे थेट पाठीत जात होते आणि उलट्या थांबत नव्हत्या. तपासणीत लायपेज हे स्वादुपिंडातील पाचक विकर रक्तात पुष्कळ वाढलेले निघाले. पित्ताशयातील खडा सरकून वाटेत अडकल्यामुळे स्वादुपिंड स्वतःलाच पचवू लागले होते, असे डॉक्टरांनी सांगितले. तो आता बरा आहे. माझा प्रश्न असा की, रोज पाचक रस तयार करणारे हे इंद्रिय इतर वेळी स्वतःला का पचवत नाही? त्यासाठी पेशीत ‘निवडक स्वभक्षण’ चालते असे वाचनात आले. ही निवड कोण करते? आपल्या इंदूरच्या कचरागाडीत ओला-सुका वेगळा करतात, तसाच हा प्रकार आहे काय? — अ. द., रामबाग, इंदूर

उत्तर : स्वादुपिंड आपली पाचक विकरे काम करण्याच्या स्थितीत साठवतच नाही. प्रथिने तोडणारे ट्रिप्सिन तेथे ट्रिप्सिनोजेन या निष्क्रिय रूपात तयार होते, झायमोजेन कणिका नावाच्या इवल्याशा थैल्यांत भरून ठेवले जाते आणि नलिकेवाटे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात पोहोचल्यावरच तेथील अस्तरातले एंटरोपेप्टिडेज हे विकर त्याचा एक लहान तुकडा कापून त्याला कार्यक्षम करते. कार्यक्षम झालेले ट्रिप्सिन मग इतर विकरांनाही कामाला लावते. हे वाटेतच घडू नये म्हणून ट्रिप्सिनला जागच्या जागी अडवणारे एक रोधक प्रथिनही त्याच थैल्यांत सोबत भरलेले असते. एवढी तजवीज असूनही ती कधी कधी अपुरी पडते. स्वादुपिंडाचा दाह हा मुळात आत्मपचनाचा प्रकार आहे, हे प्रागमधील विकृतिशास्त्रज्ञ हान्स कियारी यांनी १८९६ सालीच मांडले होते. आपल्या पुतण्याच्या डॉक्टरांनी सांगितले ते त्याच परंपरेतले आहे.

वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या वर्षाच्या मुलांना स्वादुपिंडाची काचपट्टी दाखवताना मी त्यांना एकाच पेशीकडे पुष्कळ वेळ पाहायला लावत असे. नेहमीच्या दोन रंगांनी रंगवलेल्या त्या पट्टीत पाचक रस तयार करणारी पेशी साधारण त्रिकोणी दिसते. तिचा रुंद तळ निळसर-जांभळा असतो, कारण प्रथिने तयार करणारी यंत्रणा तेथे दाटीवाटीने बसलेली असते, आणि नलिकेकडचे निमुळते टोक गुलाबी कणांनी गच्च भरलेले असते. हे गुलाबी कण म्हणजेच झायमोजेन कणिका. शरीरात इतक्या वेगाने प्रथिने तयार करणाऱ्या पेशी फारच थोड्या आहेत, आणि जेथे उत्पादन एवढे, तेथे चुकीचा, बिघडलेला आणि शिळा मालही त्या प्रमाणात निघणारच.

आता निवडीकडे येऊ. स्वभक्षणात पेशी आपल्याच आतील काही भाग दुहेरी पडद्याच्या पिशवीत बंद करते आणि ती पिशवी लायसोसोम या आम्लधर्मी, पाचक विकरांनी भरलेल्या कोशाशी जोडते. आतला माल तेथे विरघळतो आणि त्यातून मोकळी झालेली अमिनो आम्ले पुन्हा वापरात येतात. उपाशी पेशी हाताला लागेल ते असे खाते, हे सर्वसाधारण स्वभक्षण. निवडक स्वभक्षणात मात्र ठरावीक वस्तूच उचलली जाते. बिघडलेल्या वस्तूवर युबिक्विटिन नावाच्या लहान प्रथिनाच्या खुणा चिकटवल्या जातात. पी-६२ सारखे ग्राही प्रथिन आपल्या एका टोकाने ती खूण धरते आणि दुसऱ्या टोकाने, तयार होत असलेल्या पडद्यावरील एलसी-३ या प्रथिनाला धरते. पडदा त्या वस्तूला लपेटत जातो आणि बाकीचा पेशीद्रव बाहेरच राहतो. तेव्हा निवड करणारे असे कोणी एक नाही. खूण लावणारी विकरे आणि खूण ओळखणारी ग्राही प्रथिने मिळून ती निवड घडवतात.

स्वादुपिंडाच्या संदर्भात याचे सर्वात बोलके उदाहरण अर्जेंटिनातील ब्वेनोस आयरेसच्या संशोधकांनी २०११ साली दिले. दाह सुरू झाला की पेशीत व्हीएमपी-१ नावाचे प्रथिन तयार होऊ लागते. निरोगी स्वादुपिंडात ते जवळजवळ नसतेच. ज्या कणिकांतील विकरे अवेळी कार्यक्षम झाली आहेत त्यांच्यावर युबिक्विटिनची खूण लागते, पी-६२ ती ओळखते आणि त्या कणिका इतर चांगल्या कणिकांपासून वेगळ्या काढून संपवल्या जातात. या प्रकाराला त्यांनी झायमोफॅजी हे नाव दिले. ज्या उंदरांच्या स्वादुपिंडात व्हीएमपी-१ मुद्दाम अधिक प्रमाणात निर्माण करवले होते, त्यांना सेरुलिन हे दाहकारक औषध टोचूनही दाह सौम्य राहिला. म्हणजे पेशी शेवटच्या क्षणापर्यंत हातपाय गाळून बसत नाही. जे कण पेटले आहेत तेवढेच वेचून विझवण्याची तिची धडपड चालू असते. खडा अडकून दाब वाढतो किंवा मद्याचा मारा होतो, तेव्हा बिघडणाऱ्या कणिकांची संख्या या वेचणीच्या आवाक्याबाहेर जाते, हे मात्र मान्य करावे लागते.

कचरागाडीची उपमा बरीच दूरपर्यंत जुळते. कचरा मुळात घरातच वेगळा केला तर पुढचे सगळे सोपे होते, आणि देवगुराडियाच्या प्रकल्पात ओल्या कचऱ्यापासून गॅस तयार होतो तशी पेशीतही पचलेल्या मालाची परतफेड होते. परंतु एका महत्त्वाच्या बाबतीत ती फसते. आपली गाडी आधी तयार असते आणि कचरा तिच्यापाशी जातो. पेशीत गाडी आधी नसतेच, ती प्रत्येक वेळी त्या विशिष्ट मालाभोवती नव्याने बांधली जाते. निवड इतकी अचूक होऊ शकते ती त्यामुळेच, कारण पडदा खुणेला चिकटून वाढतो आणि शेजारच्या चांगल्या वस्तूला आत शिरायला जागाच उरत नाही.

प्रश्न : स्वादुपिंडावरील प्रयोगांविषयी वाचताना गोंधळ होतो. एके ठिकाणी असे आहे की, स्वभक्षणासाठी लागणारे एटीजी-५ जनुक काढून टाकलेल्या उंदरांना स्वादुपिंडाचा दाह कमी झाला. दुसरीकडे, तेच जनुक काढल्यावर दाह कायमचा मागे लागला. दोन्ही खरे कसे असू शकते? — एक विद्यार्थिनी, होळकर विज्ञान महाविद्यालय, इंदूर

उत्तर : दोन्ही प्रयोग खरे आहेत. पहिला जपानी गटाने २००८ साली प्रसिद्ध केला. सेरुलिनने आणलेल्या तीव्र दाहात, स्वभक्षण बंद पाडलेल्या पेशींमध्ये ट्रिप्सिनोजेन कमी प्रमाणात कार्यक्षम झाले, असे त्यात आढळले. दुसरा जर्मनीतून २०१५ साली आला. स्वादुपिंडातून एटीजी-५ जन्मापासूनच काढलेल्या उंदरांत, विशेषतः नरांत, ग्रंथी हळूहळू झिजत गेली आणि जुनाट दाहाचे चित्र उभे राहिले. पहिल्यात काही तासांचा प्रसंग पाहिला आहे, दुसऱ्यात महिनोन्महिन्यांचा संसार.

पण खरी किल्ली या दोहोंच्या मधल्या एका कामात आहे. लॉस एंजेलिसमधील संशोधकांनी २००९ साली दाखवले की, दाह झालेल्या पेशींत मोठ्या पोकळ्या दिसतात त्या जोमदार स्वभक्षणाच्या नव्हेत, तर अर्धवट अडकून पडलेल्या स्वभक्षणाच्या असतात. पिशवी तयार होते, लायसोसोमशी जोडलीही जाते, पण आतला माल पचत नाही. लायसोसोममध्ये कॅथेप्सिन नावाची विकरे असतात. त्यांपैकी कॅथेप्सिन-बी ट्रिप्सिनोजेनला कार्यक्षम करते आणि कॅथेप्सिन-एल ट्रिप्सिन व ट्रिप्सिनोजेन दोहोंना मोडून निकामी करते. लायसोसोम बिघडले की कॅथेप्सिन-एलचे काम मागे पडते, कॅथेप्सिन-बीचे चालूच राहते, आणि जी पिशवी धोक्याचा माल संपवण्यासाठी निघाली होती तिच्याच पोटात ट्रिप्सिन साठू लागते. अशा पेशीत पिशव्या तयार होणेच थांबवले तर ट्रिप्सिन कमी तयार होईल, हे ओघानेच आले. पण निरोगी पेशीत तेच थांबवले तर रोजचा निचरा बंद होऊन ती कालांतराने मरेल, हेही तितकेच उघड आहे.

परीक्षेसाठी नव्हे, समजुतीसाठी एक गोष्ट लक्षात ठेव. एखाद्या शोधनिबंधात एलसी-३ चा पडद्याला जोडलेला प्रकार वाढल्याचे दिसले की ‘स्वभक्षण वाढले’ असे लगेच म्हणू नये. त्याच पेशीत पी-६२ ही साठलेले असेल, तर माल उचलला गेला पण संपला नाही असा संशय घ्यावा, कारण पी-६२ मालाबरोबर स्वतःही पचून जायला हवे. अनेक वाद या एका तपासणीवर सुटले आहेत.

तुझ्या विषयाच्या जवळचे आणखी एक उदाहरण सांगतो, कारण ते मला स्वतःला फार आवडते. प्रथिनांची घडी जेथे घातली जाते त्या आंतर्द्रव्यजालिकेचे तुकडेही निवडून खाल्ले जातात, आणि त्यासाठी सीसीपीजी-१ हे ग्राही प्रथिन जालिकेच्या पडद्यातच बसलेले असते. एडिंबरोच्या गटाने २०१८ साली या प्रथिनाची कमतरता असलेल्या उंदरांचे अवयव तपासले, तेव्हा स्वादुपिंडाच्या पेशींमध्ये जालिकेच्या आत न विरघळणाऱ्या विकरांच्या गुठळ्या साचलेल्या दिसल्या. प्रथिनांचे उत्पादन जेथे सर्वाधिक, तेथे घडी चुकलेल्या मालाचा निचरा थांबल्याची किंमत अशी मोजावी लागते.

प्रश्न : मला दहा वर्षांपासून मधुमेह आहे. गोळ्या चालू आहेत. मी दोन्ही एकादशा करते. सूनबाई मला मोबाइलवर चित्रफिती दाखवते की, सोळा तास पोट रिकामे ठेवले की बीटा पेशींची सफाई होऊन त्या पुन्हा तरुण होतात. हे खरे असेल तर चातुर्मासात रोजच एकभुक्त राहीन म्हणते. — स. को., लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : ताई, आपल्या श्रद्धेच्या उपवासाविषयी मला काही म्हणायचे नाही. बीटा पेशींच्या, म्हणजे स्वादुपिंडातील इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशींच्या, नावावर जे सांगितले जात आहे, तेवढ्यापुरतेच लिहितो.

बीटा पेशींना सफाईची गरज असते, हे अगदी खरे आहे. प्रौढ माणसात या पेशी क्वचितच विभागतात, म्हणजे विशीतल्या पेशींनाच पुढची कित्येक दशके काम करावे लागते. एका पेशीत इन्शुलिनने भरलेल्या हजारो कणिका असतात. त्यांतल्या बाहेर न पडलेल्या, जुन्या झालेल्या कणिका मोडीत काढाव्या लागतात. साखर वाढली आहे हे पेशीला कळते ते तिच्यातील तंतुकणिकांनी तयार केलेल्या ऊर्जेवरून, त्यामुळे थकलेल्या, गळक्या तंतुकणिका वेळेवर काढल्या नाहीत तर इन्शुलिन सोडण्याचा इशाराच मंद होतो. क्लेक-१६-ए हे जनुक या तंतुकणिकांच्या निवडक सफाईसाठी लागते, असे २०१४ साली अमेरिकेत दिसून आले. लहान वयात होणाऱ्या पहिल्या प्रकारच्या मधुमेहाशी ज्या जनुकांचा संबंध जोडला गेला आहे, त्यांत हे जनुक आधीपासूनच होते. याशिवाय माणसाच्या बीटा पेशी इन्शुलिनबरोबर अमायलिन नावाचे प्रथिन सोडतात आणि त्याच्या चिकट गुठळ्या दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात साचतात. उंदराच्या अमायलिनच्या अशा गुठळ्या होतच नाहीत, त्यामुळे माणसाचे जनुक घातलेले उंदीर वापरावे लागले, आणि त्यांची स्वभक्षणक्षमता काढून घेतल्यावर मधुमेह बळावला. त्याही आधी, २००८ साली, जपान आणि कोरियातील दोन गटांनी बीटा पेशींतून स्वभक्षणासाठी लागणारे एटीजी-७ हे जनुक काढून पाहिले होते: तंतुकणिका सुजल्या, पी-६२ चे ढीग साचले, इन्शुलिन घटले आणि रक्तातील साखर वाढली.

एवढे वाचून सूनबाई म्हणतील, मग उपवास चांगलाच की. येथेच बीटा पेशी आपल्याला चकवते. यकृत किंवा स्नायूंच्या पेशी उपाशी राहिल्या की स्वभक्षण वाढवतात. पण फ्रान्समधील स्ट्रासबूर्ग येथील संशोधकांनी २०१५ साली उंदरांच्या बीटा पेशींत उलटाच प्रकार नोंदवला. अन्न तुटल्यावर या पेशींनी स्वभक्षण वाढवले नाही. त्यांनी नुकत्याच तयार झालेल्या इन्शुलिनच्या कणिका थेट लायसोसोमकडे वळवून तेथेच मोडून टाकल्या, आणि त्यातून सुटलेल्या अमिनो आम्लांनी उलट स्वभक्षण दाबून धरले. संशोधकांनी उपाशी बीटा पेशीत स्वभक्षण बळेच सुरू केले, तेव्हा नको त्या वेळी इन्शुलिन अधिक बाहेर पडू लागले. विचार केला तर यात शहाणपण आहे. उपाशी शरीरात इन्शुलिन वाढले तर साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरेल. म्हणून त्या वेळी बीटा पेशीने कणिका मोडून गप्प बसणे हेच शरीराच्या हिताचे आहे.

चरबीयुक्त आहारावर वाढवलेल्या उंदरांत, आलटून पालटून उपास घडवल्यावर बीटा पेशी बऱ्या टिकल्या, असेही प्रयोग आहेत. परंतु उंदीर एक दिवस उपाशी राहतो तेव्हा त्याच्या वजनाचा मोठा हिस्सा उतरतो. माणसाच्या सोळा तासांशी त्याची बरोबरी होत नाही. शिवाय जिवंत माणसाच्या बीटा पेशींत स्वभक्षण किती चालू आहे, हे मोजणारी कोणतीही रक्ततपासणी दवाखान्यात उपलब्ध नाही. ज्याचे मोजमापच होत नाही त्याचे सोळा तास आणि अठरा तास असे हिशेब कोण कशावरून मांडतो, हे सूनबाईंनी त्या चित्रफितीवाल्यांना विचारावे.

वजन कमी केल्याने, विशेषतः यकृतातील आणि स्वादुपिंडातील चरबी घटल्याने, दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात साखर सुधारते, याला मात्र माणसांवरील भक्कम पुरावा आहे, आणि मोजून खाल्लेल्या रोजच्या जेवणानेही ते साधते. एकादशीला साबुदाण्याची खिचडी, वर बटाट्याची भाजी आणि संध्याकाळी रताळ्याचा कीस असा बेत असेल, तर ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ हे म्हणणारे आपले पूर्वज साखरेच्या यंत्राविनाच बरोबर होते. आपण कोणत्या गोळ्या घेता ते पत्रात नाही. ग्लिमेपिराइडसारखी गोळी असेल तर रिकाम्या पोटी साखर एकाएकी उतरून चक्कर येऊ शकते; डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असेल तर दीर्घ उपवासात साखर फार न वाढताही रक्तात आम्ल साचू शकते. रोज एकभुक्त राहण्याचा संकल्प करण्यापूर्वी गोळ्यांची पाकिटे घेऊन आपल्या डॉक्टरांना भेटावे.

प्रश्न : संधिवातासाठी मी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घेतो. हे औषध पेशींचे स्वभक्षण बंद पाडते असे वाचले आणि धास्ती बसली. माझे स्वादुपिंड बिघडेल काय? — एक निवृत्त शिक्षक, सुदामा नगर, इंदूर

उत्तर : आपण वाचले ते प्रयोगशाळेतील काचेच्या थाळीपुरते बरोबर आहे. हे औषध लायसोसोममध्ये साचून तेथील आम्लता कमी करते, त्यामुळे पिशवीतला माल पचत नाही. प्रत्यक्ष रुग्णांत मात्र उलटे चित्र दिसले: २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात, संधिवाताच्या ज्या रुग्णांनी हे औषध घेतले त्यांना मधुमेह होण्याचे प्रमाण न घेणाऱ्यांपेक्षा कमी होते. भारतात तर दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात जोडीचे औषध म्हणून त्याला मान्यता आहे. इन्शुलिन मोडण्याचा वेग कमी होणे आणि दाह शमणे, ही त्यामागची कारणे मानली जातात. एका यंत्रणेवर झालेल्या परिणामावरून साऱ्या शरीराचे भाकीत करू नये, याचा यापेक्षा चांगला दाखला मला माहीत नाही.

कर्करोगाच्या संदर्भात हेच औषध पुन्हा चर्चेत येते. स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या पेशी निवडक स्वभक्षणाचा वापर स्वतःच्या बचावासाठी करतात. आपली ओळख पटवणारी प्रथिने त्या पृष्ठभागावर ठेवण्याऐवजी एनबीआर-१ या ग्राही प्रथिनाच्या साहाय्याने आत ओढून पचवतात, आणि त्यामुळे रोगप्रतिकारक पेशींना त्या दिसत नाहीत, असे २०२० साली उंदरांवरील प्रयोगांत दाखवले गेले. म्हणून स्वभक्षण रोखणारी औषधे केमोथेरपीबरोबर देऊन पाहिली जात आहेत. पण तो उपचार अजून प्रयोगाच्याच टप्प्यात आहे आणि आपल्या गोळीशी त्याचा संबंध नाही.

गोळी मनाने बंद करू नये. शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे दिवसाला पाच मिलिग्रॅमच्या आत मात्रा आहे ना, हे डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. मधुमेहाची औषधेही चालू असतील तर साखर उतरण्याची शक्यता त्यांच्या कानावर घालावी. या औषधाची खरी काळजी डोळ्यांच्या पडद्याबाबत घ्यावी लागते. सुरुवातीच्या वर्षात एकदा आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी नेत्रतज्ज्ञांकडून पडद्याची तपासणी करून घ्यावी. मूत्रपिंडाचे काम कमी असेल तर ती आधीपासूनच सुरू करावी.